लाडूचं ऑपरेशन आणि आपले पाच अतिचार



मार्चमध्ये लाडूचा फोटो टाकला होता, आठवतोय ना? माझ्या मांडीवर झोपलेला, कापसाच्या बोंडासारखा. त्यानंतर तुमच्यापैकी अकरा जणींनी मला एकच गोष्ट विचारली. "कुठून आणलात? नंबर द्या ना." काहींना दोनदा उत्तर दिलं नाही म्हणून राग आला, तेही कळलं. तो नंबर या लेखातही नाही. का नाही, ते सांगायला बसले आहे. विषय थोडा अवघड आहे, घरात मोठ्यानं बोलला जात नाही असा, पण सात महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

कुत्र्याचा हट्ट लेकीचा. दहावी झाली की आणू, असं म्हणून आम्ही दोन वर्षं ढकललं. मग एका रविवारी बोरिवलीहून दीड तास गाडी चालवून मुंबईबाहेर गेलो आणि पस्तीस हजार मोजून पॉमेरेनियनचं पिल्लू घेऊन आलो. चाळीस दिवसांचं. सोबत आई-बापाची, आजी-आजोबांची नावं असलेले पेपर्स मिळतील म्हणून सांगितलं होतं, त्यांचे वेगळे पैसे. "याची आई दाखवा," म्हटलं तर "ती फार्मवर आहे," असं उत्तर आलं. मी पुढे विचारलं नाही. भेंडी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघणारी मी! चार भेंड्यांची पारख करते आणि एका पंचेंद्रिय जिवाला घरी आणताना त्याची आई कुठे बांधली आहे हेही बघत नाही. हे आधी स्वतःच्या पदरात घालून घेते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

पहिल्या लसीला डॉक्टरबाईंनी त्याला टेबलावर उभं केलं, कान पाहिले, दात पाहिले, मागे हात घातला आणि थांबल्या. पुन्हा हात घातला. म्हणाल्या, "एकच लागतोय. उजवा नाहीये." मला काही कळेना. मग त्यांनी नीट समजावलं. नर पिल्लाचे वृषण आईच्या पोटात असताना त्याच्या मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्मानंतर हळूहळू जांघेच्या वाटेनं खाली पिशवीत उतरतात. बहुतेकांचे दोन महिन्यांपर्यंत जागेवर आलेले असतात. काहींचा एक मध्येच अडकतो, पोटात नाहीतर जांघेत, क्वचित दोन्ही. उजवा अडकण्याचं प्रमाण डाव्यापेक्षा जास्त, आणि लहान चणीच्या जातींत हे अधिक दिसतं, त्यात पॉमेरेनियन आलेच. सहा महिन्यांपर्यंत वाट बघायची. त्यानंतर उतरण्याची आशा जवळजवळ नसते, कारण वाटच बंद झालेली असते.

घरी येऊन सांगायचं कसं हा पहिला प्रश्न. डॉक्टरबाई "वृषण" म्हणाल्या, ज्यानं विकलं तो फोनवर "गोळी" म्हणाला, आणि सासूबाई शेवटपर्यंत "ते" म्हणाल्या. लेकीनं मात्र सगळ्यांसमोर इंग्रजी नाव स्पष्ट उच्चारलं आणि जेवणाच्या ताटावर दोन मिनिटं शांतता पसरली.

विकणाऱ्याला फोन केला. तो अजिबात दचकला नाही. उलट त्याच्याकडे उत्तरं तयार होती. आधी म्हणाला, रोज कोमट तेलानं मालिश करा, उतरते. पंधरा दिवसांनी म्हणाला, इंजेक्शनांचा कोर्स करा, माझा माणूस देतो. शेवटी जरा वैतागून म्हणाला, "मॅडम, एवढं टेन्शन कशाला? परत आणा, पीस बदलून देतो."

पीस. साडीचा फॉल चुकला तर म्हणतात ना, तसं.

त्या रात्री लाडू माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता आणि मी विचार करत होते की परत नेला तर याचं पुढे काय होईल. मी तेही विचारलं होतं. "ते मी बघतो," एवढंच उत्तर. ज्याच्या धंद्यात कुत्रा म्हणजे पीस, तो खोट निघालेल्या पिसाचं काय करेल? पेपर्सशिवाय कमी किमतीत कुणाला तरी देईल, आणि घेणाऱ्याला पोटातल्या गोष्टीबद्दल कशाला सांगेल? माझ्यापुरती तक्रार मिटेल, पिल्लाची खोट त्याच्या पोटातच राहील. पीस बदलून घेणं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी फसवायला मदत करणं. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, खऱ्याच्या नावाखाली खोटा माल खपवणं. त्यात माझा हात नको.

मालिश आणि इंजेक्शनाबद्दल डॉक्टरबाईंना विचारलं. मालिशनं काही होत नाही, आणि हार्मोनच्या इंजेक्शनांनी वृषण उतरतो असं भरवशानं दाखवून देणारा पुरावा नाही. "आणि समजा उतरला," त्या म्हणाल्या, "तरी दोष रक्तात आहे तो आहेच. फक्त दिसेनासा होतो." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. श्वानप्रदर्शनांचे नियम काय सांगतात, तर नराचे दोन्ही वृषण पिशवीत पूर्ण उतरलेले असले पाहिजेत, नाहीतर तो बाद. म्हणजे खोट झाकली की कुत्रा पुन्हा "शुद्ध". झाकण्याच्या या खटपटीत कुत्र्याचं भलं कुठेच नाही.

आता घरातली आणि मंदिरातली बाजू सांगते, कारण खरं भांडण तिथेच झालं.

सहा महिने झाले, उजवा उतरला नाही. सोनोग्राफीत तो पोटात, मूत्राशयाच्या जवळ दिसला. डॉक्टरबाईंनी सांगितलं, पोटातला काढायचा आणि बाहेरचाही काढायचा. सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. "हा छेद आहे," म्हणाल्या. "अहिंसाणुव्रताचा अतिचार. श्रावकाच्या घरात हे होणार नाही." धाकटे भावजी म्हणाले, त्याचं कर्म, त्याचं शरीर, आपण कशाला मध्ये पडायचं? स्वाध्यायाला येणाऱ्या दोघीतिघींनी मान हलवली. खालच्या मजल्यावरच्या गुजराती श्वेतांबर काकींनी तर हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातले पंधरा कर्मादान काढले, त्यातलं निर्लांछन कर्म दाखवलं. जनावरांचे अवयव छेदणं, त्यांना खच्ची करणं यावर पोट भरणं श्रावकाला वर्ज्य.

मी त्यांच्या श्रद्धेला हसत नाही. छेद हा अतिचार आहे, हे मलाही पाठशाळेत असल्यापासून पाठ आहे. पण त्या रात्री मी पाचही अतिचार वहीत लिहून काढले आणि लाडूचा सगळा प्रवास त्यांच्यासमोर मांडला. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. यातला छेद आम्हाला लगेच दिसला, कारण तो डॉक्टरच्या हातून आणि आमच्या सहीनं होणार होता. बाकीचे?

चाळिसाव्या दिवशी पिल्लाला आईपासून तोडलं. त्या वयात पिल्लं मऊ खाऊ लागलेली असतात, पण दूध तुटलेलं नसतं. ते दूध आम्ही पस्तीस हजार देऊन तोडलं. याला अन्नपाननिरोध म्हणायचं नाही तर कशाला? त्याची आई "फार्मवर" होती, म्हणजे पिंजऱ्यात होती असं मी समजते, कारण दाखवण्यासारखी असती तर दाखवली असती. तो बंध. आणि तिला वर्षात किती वेळा पिल्लं घालायला लावतात ते पुढे कळलं, ते शेवटी सांगते. तो अतिभार. बैलाच्या पाठीवर जास्त पोती घातली तर आपल्याला अतिभार कळतो. कुत्रीच्या गर्भाशयावर घातलेला अतिभार आपल्या बुद्धीला का दिसत नाही? तर पाचांतले तीन अतिचार मार्चमध्येच, हार घालून, पेढे वाटून झाले. तेव्हा कुणीही जपमाळ खाली ठेवली नाही. फोटो मात्र सगळ्यांनी काढले.

काकींच्या पंधरा कर्मादानांबद्दल त्यांना मी नम्रपणे एवढंच दाखवलं की त्याच यादीत केशवाणिज्यही आहे, म्हणजे केसाळ जिवांचा, जनावरांचा व्यापार. आणि असतीपोषणात धनासाठी प्राणी पोसण्याची गोष्ट येते, त्यात कुत्र्याचं नावही आहे. यादी निर्वाहाच्या धंद्यांची आहे. आजाऱ्यावर उपचार करणारा तिच्यात बसत नाही. विकणारा मात्र दोन जागी बसतो. काकी हसल्या, म्हणाल्या, "तू वकील व्हायला हवी होतीस." पण पुस्तक मिटलं नाही त्यांनी, पुढे वाचत बसल्या. हे मला आवडलं.

आणि आपण दिगंबर घरातल्या आहोत म्हणून सर्वार्थसिद्धीकडेच जाऊ. सहाव्या अध्यायात, दुसऱ्याला दुःख दिल्यानं असातावेदनीय कर्माचा आस्रव होतो या सूत्रावर लिहिताना पूज्यपाद आचार्य एक उदाहरण देतात. अत्यंत करुणेनं भरलेला वैद्य एका संयमी मुनींचं गळू चिरतो. मुनींना वेदना होते, ती वैद्याच्या हातून होते, पण केवळ बाहेरून निमित्त झाला म्हणून त्याला पापबंध होत नाही. हे उदाहरण मी नाही तयार केलं. दीड हजार वर्षांच्या आसपास आपल्या घरात पडून आहे. हिंसेची व्याख्याच प्रमत्तयोगावर बांधलेली आहे, गाफील आणि कषायानं भरलेल्या मनावर. सुरी हातात आहे की नाही, यावर नाही. डॉक्टरबाईंची सुरी आणि आमची मार्चमधली नोटांची थप्पी, दोन्ही वजनात घाला. प्रमाद कुठे होता?

सासूबाईंना हे पटलं नाही. म्हणाल्या, गळू हा रोग आहे. याला काय झालंय? खातो, पितो, खेळतो.

हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर वैद्यकाचं आहे. वृषणाची जागा शरीराबाहेर असते, कारण त्याला शरीरापेक्षा थोडी कमी उष्णता लागते. पोटात अडकलेला वृषण उबेत राहतो, बीज तयार करू शकत नाही, पण हार्मोन तयार करत राहतो. अशा वृषणात गाठ होण्याचा धोका जागेवर असलेल्या वृषणाच्या दहापटीहून अधिक असतो. गाठ एका विशिष्ट प्रकारची असली तर नरात मादीचं हार्मोन वाढतं, केस झडतात, स्तन सुजतात, आणि फार वाढलं तर हाडांतला मगजच रक्त बनवणं कमी करतो. शिवाय पोटात सैल लोंबणारा वृषण स्वतःभोवती पीळ खाऊ शकतो. तेव्हा जी वेदना होते ती कुत्रा सांगू शकत नाही, फक्त पाठ वाकवून कोपऱ्यात उभा राहतो. हे सगळं सहसा वयात आल्यावर, सहा-सात-आठ वर्षांनी होतं. म्हणजे आज छेद टाळून आपण त्याच्या म्हातारपणात पीडा पेरून ठेवतो. आज त्याचं काळीज दणकट आहे, भूल सोसेल, दहा-बारा दिवसांत टाके निघतील.

मग मी सासूबाईंना माझ्या भाच्याची आठवण करून दिली. माझ्या बहिणीच्या मुलाचं हेच होतं. जन्मला तेव्हा डावा खाली नव्हता, आणि वर्षाच्या आत त्याचं ऑपरेशन झालं. माणसाच्या बाळांत सहा महिन्यांनंतर, वर्ष-दीड वर्षाच्या आत करून घ्या असंच सांगतात. तेव्हा याच सासूबाईंनी त्याच्यासाठी शांतिधारा करवली होती. छेद हा शब्द कुणाच्या ओठांवर आला नव्हता. खरं आहे की बाळाचा वृषण खाली आणून बसवतात, कुत्र्याचा काढतात. कुत्र्यात तसं बसवून द्यायला जबाबदार डॉक्टर नकार देतात, कारण तो दोष पुढच्या पिढीत उतरतो आणि बसवून दिलेला कुत्रा मग जोडी लावायला वापरला जातो.

इथे मी स्वतःही अडखळले, ते लपवत नाही. पोटातला काढायचा हे मला पटलं होतं. बाहेरचा धडधाकट का काढायचा? तो कुठे दुखतोय? चार दिवस मी यावर झोपले नाही. आम्ही तर त्याला कधी जोडी लावणार नाही, फ्लॅटमध्ये राहतो, मग तो राहू दे ना एक.

माझं उत्तर मला आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर मिळालं. सी विंगमधल्या एकांनी लिहिलं, "लाडूला मेटिंगला देणार का? आमची पॉम हीटवर येतेय. एक पिल्लू तुम्हाला." मी नाही म्हटलं. मग त्यांच्या मिसेस भेटल्या, मग त्यांच्या सासूबाई. "एकदा तरी सुख द्यावं हो बिचाऱ्याला, नाहीतर जीव अडकतो त्याचा." माझ्या घरातलेच दोघं डळमळले. लेक म्हणाली, "आई, एकच पिल्लू?" एका बाजूनं अडकलेल्या नराचा उतरलेला वृषण पूर्ण काम करतो, पिल्लं होतात. आणि त्या पिल्लांत हा दोष जातो. माद्यांमध्ये तो दिसत नाही, कारण त्यांना वृषणच नाहीत, पण त्या तो पुढे नेतात. म्हणजे सी विंगमधल्या त्या बाल्कनीत चार-पाच पिल्लं होतील, त्यातल्या एखाद्या नराच्या पोटात हेच, माद्या गुपचूप पुढच्या घरी घेऊन जातील, आणि मग कुणीतरी पुन्हा डॉक्टरच्या टेबलासमोर उभी राहील. मी मोहावर मात करीन असा माझा स्वतःवर भरवसा नाही, घरावर तर नाहीच. दहा-बारा वर्षं रोज नाही म्हणत राहायचं, तेही सी विंगला! त्यापेक्षा एकदा. बाहेरच्या वृषणाचा छेद मी रोगासाठी नाही, पुढच्या छेदांना आळा घालण्यासाठी केला. कुणाला हा अतिचार वाटत असेल तर मी आलोचनेत सांगितला आहे. लपवलेला नाही.

आणि "जीव अडकतो" म्हणणाऱ्यांना एक सांगते. माझं आजोळ सांगलीकडचं, शेतकरी जैनांचं. लहानपणी तिथे खोंड बडवताना पाहिलं आहे. पाय बांधून आडवा पाडायचा आणि दगडालाकडानं ठेचायचं. भूल नाही, काही नाही. त्याचं ओरडणं मला आजही येतं कानात. तो बैल झाला, नांगराला जुंपला, त्याच्या कष्टाच्या ज्वारीवर आम्ही वाढलो, आणि पर्युषणात मोठ्या माणसांनी अहिंसेवर प्रवचनं ऐकली. तेव्हा छेद आठवला नाही, कारण त्यात आपलं काम होतं. ज्याच्यात त्या जिवाचं काम आहे, तिथे आठवतो.

एका भगिनींनी सुचवलं, ऑपरेशन नको आणि ठेवायचाही नसेल तर पांजरपोळात सोडा. हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. मुंबईचं पांजरपोळ १८३४ साली उभं राहिलं, भुलेश्वराजवळ. त्याच्या दोन वर्षं आधी, १८३२ च्या जूनमध्ये, सरकारच्या हुकमानं मोकाट कुत्री मारली जात होती, मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळत, आणि त्याविरुद्ध पारशी लोक उठले, हिंदू-जैनही सामील झाले, फोर्टात दंगा झाला, दुकानं बंद पडली. मग सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशहा यांनी पुढाकार घेऊन ही जागा केली. रस्त्यावरच्या, कुणाच्याच नसलेल्या कुत्र्यांसाठी त्या माणसांनी पैसा ओतला. पॉमेरेनियन विकत घ्यायची आणि खोट निघाली की धर्माच्या दारात टाकायची, यासाठी नाही. मोतीशहांच्या पुण्याईवर आपली रद्दी टाकू नये. आणि जीवंधरकुमाराची गोष्ट आपण मुलांना सांगतो ना, मरणाऱ्या कुत्र्याला त्यानं णमोकार ऐकवला आणि तो यक्ष झाला? जीवंधरानं त्या कुत्र्याची जात विचारली नव्हती.

आता त्या "माहीत नव्हतं" या शब्दांकडे येते, कारण विकणाऱ्याचा सगळा बचाव त्यावर उभा आहे. मला तो म्हणाला, "चाळीस दिवसांचं पिल्लू मॅडम, तेव्हा कुणाला कळतं?" बरोबर आहे. चाळिसाव्या दिवशी खात्रीनं कळत नाही. आठ आठवड्यांनी बहुतेक वेळा हाताला लागतं. आणि कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय जोडी नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा वीण नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. सहा महिन्यांवरचा कुत्रा नसबंदीशिवाय विकायचा नाही, दुसऱ्या नोंदणीकृत पैदासकाराला विकला तर गोष्ट वेगळी. म्हणजे ज्या वयात दोष हाताला लागू शकतो, त्याच्या आधीच पिल्लू गळ्यात मारायचं आणि मग म्हणायचं, माहीत नव्हतं. हे अज्ञान फुकटचं नाही, कमावलेलं आहे. पंधरा-वीस दिवसांचा खुराक वाचतो, लसीचा खर्च वाचतो आणि जबाबदारीही वाचते.

पण ज्यानं घेतलं त्याचं काय? मी घेतलं. आठ आठवड्यांचा नियम मला माहीत नव्हता, कारण मी विचारला नव्हता. माझंही अज्ञान कमावलेलंच. पिल्लू जितकं लहान तितकं गोड दिसतं, हेच माझं कारण.

ऑपरेशन दशलक्षण संपेपर्यंत पुढे ढकललं. वैद्यकीय कारण काही नव्हतं, घरातल्या शांततेसाठी, खोटं कशाला बोलू. क्षमावणीनंतरच्या आठवड्यात झालं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं होतं. लेक म्हणाली, लाडूचा पहिला उपवास. सासूबाई हसल्या नाहीत, पण रात्री साडेदहाला त्याच्याजवळ येऊन बसल्या. सकाळी रक्त तपासलं, भूल दिली, पाऊण तास लागला. पोटातला निघाला तो वाटाण्याएवढा होता, बाहेरच्यापेक्षा कितीतरी लहान. डॉक्टरबाईंनी दाखवला, मी पाहिला. इतक्याशा गोष्टीवरून सहा महिने घर पेटलं होतं. चौदा हजार रुपये झाले. अकराव्या दिवशी टाके निघाले. गळ्यातली प्लास्टिकची झालर घेऊन तो प्रत्येक दाराला धडकत होता, त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं. (त्याला खायला काय देते, अंडं देते का, हे विचारणाऱ्यांना वेगळा लेख लिहून उत्तर देईन. तो विषयही सोपा नाही.)

ज्यांच्या घरी आधीच नर पिल्लू आलेलं आहे त्यांनी एवढं करा. लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःहून विचारा, दोन्ही खाली आहेत का. लाजू नका. एक नसेल तर सहा महिन्यांपर्यंत थांबा, मग सोनोग्राफी, मग दोन्ही काढा. मालिशवाल्याच्या आणि इंजेक्शनवाल्याच्या नादी लागू नका. पीस बदलून घेऊ नका. आणि जोडी लावू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. ज्यांच्या घरी अजून आलेलं नाही, त्यांनी घेऊच नका. तीन मूर्तींना, पोदनपूरला जाताना नॅशनल पार्कच्या गेटाबाहेर जी कुत्री पडलेली असतात त्यांच्याकडे एकदा नीट बघा. त्यांना घर हवं आहे, आणि त्यांच्या पिल्लांना पेपर्स लागत नाहीत.

नंबर न देण्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी शब्दांत सांगते, कारण दोघीजणी अजून मागताहेत. अनर्थदंडाच्या पहिल्याच प्रकारात, पापोपदेशात, तिर्यंचांच्या व्यापाराचा सल्ला येतो. रत्नकरंडात समंतभद्र आचार्यांनी तो नाव घेऊन सांगितला आहे. आपण विकलं नाही, घेतलं नाही, फक्त कुठे मिळेल ते सांगितलं, तरी. तो फोन नंबर पुढे पाठवणं म्हणजे तोच उपदेश.

टाके निघाले त्याच संध्याकाळी विकणाऱ्याचा मेसेज आला. "मॅडम, दिवाळीला लिटर येतंय. तुम्हाला स्पेशल रेट. पहिल्याचं झालं ते विसरा." मी विचारलं, कुठल्या मादीचं? "त्याच, लाडूच्या आईचं. नरही तोच. मस्त कोट येतो त्यांचा." लाडू जन्मला जानेवारीच्या शेवटी. दिवाळी धरली तरी मध्ये पुरते दहा महिने नाहीत. ज्या जोडीनं हा दोष दिला तीच जोडी, हे त्याला मी सहा महिन्यांपूर्वीच कळवलेलं होतं, डॉक्टरच्या कागदाचा फोटो पाठवून. म्हणजे या वेळी "माहीत नव्हतं" नाही.

मी त्याचा नोंदणी क्रमांक मागितला. निळ्या दोन खुणा आल्या, उत्तर आलं नाही. लाडूची विकत घेतल्याची तारीख, पैसे दिल्याची नोंद, डॉक्टरांचा कागद आणि हे मेसेज, एवढं एकत्र करून मंगळवारी राज्य मंडळाला पाठवलं आहे. पोच आली की इथे कळवीन. सासूबाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, त्या आईचंही लिही त्यात, तिला सोडवता येईल का ते विचार. ते राहिलं होतं. दुसरा अर्ज उद्या टाकते.